डीपीपासून मोटारीपर्यंत

गोंदिया जिल्ह्यातल्या कुठल्याही धानाच्या शिवारात वीज ज्या वाटेने मोटारपंपापर्यंत येते, ती वाट म्हणजे एकसर मंडलाचा जिवंत नमुना आहे. डीपीतून, म्हणजे वितरण रोहित्रातून, निघालेला प्रवाह आधी फ्यूजमधून जातो, मग खांबांवरच्या तारेतून, जंपरच्या जोडांतून, सर्व्हिस वायरमधून आणि स्टार्टरमधून वाट काढत शेवटी मोटारीच्या वेटोळ्यात शिरतो. या सगळ्या वस्तू एकीमागे एक जोडलेल्या असतात. प्रत्येकीला स्वतःचा थोडाफार रोध असतो आणि डीपीने पुरवलेला विद्युतदाब त्या सगळ्यांमध्ये वाटला जातो. मोटारीच्या वाट्याला उरलेला दाब येतो. एप्रिल-मे महिन्यांत उन्हाळी धानाला पाणी देताना मोटार नुसती गुणगुणत का राहते, पाण्याची धार बारीक का होते आणि वेटोळे का जळते, याचे बरेचसे उत्तर या वाटणीत सापडते.

एकसर जोडणीचा पहिला नियम प्रवाहाचा आहे. एकीमागे एक जोडलेल्या प्रत्येक भागातून वाहणारा प्रवाह सारखाच असतो. विद्युतप्रभार वाटेत कुठे साठत नाही आणि कुठे नाहीसाही होत नाही. तारेच्या एका टोकातून सेकंदाला जेवढा प्रभार आत जातो, तेवढाच दुसऱ्या टोकातून बाहेर पडतो. इथे पाण्याच्या सवयीमुळे एक चुकीची समजूत तयार होते. इटियाडोह धरणाच्या कालव्यातून सुटलेले पाणी वाटेत झिरपते, फाट्यांवर फुटते आणि टोकाच्या बांध्यांपर्यंत पोहोचेतो कमी होते. लांबच्या तारेतूनही वीज अशीच ‘गळून’ कमी होत असेल, असे सहज वाटते. पण अखंड तारेतून प्रवाह गळत नाही. लांबीबरोबर घटतो तो दाब.

दाब म्हणजे काय, हे ऊर्जेच्या भाषेत सांगितले की ही गोष्ट स्पष्ट होते. एक कूलोम प्रभार एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाताना जितकी ज्यूल ऊर्जा खर्च होते, तितके व्होल्ट त्या दोन ठिकाणांमधले विभवांतर असते. डीपी प्रत्येक कूलोमला २४० ज्यूल ऊर्जा देऊन पाठवतो. त्यातले ४० ज्यूल तार तापवण्यात गेले, तर मोटारीसाठी २०० उरतात. एकसर मंडलातल्या सगळ्या भागांवरच्या दाबांची बेरीज स्रोताच्या दाबाइतकी का होते, याचे मूळ ऊर्जेच्या अक्षय्यतेत आहे. गुस्ताव किरचॉफ यांनी १८४५ साली, कोनिग्सबर्ग विद्यापीठात विद्यार्थी असतानाच, हे तत्त्व नियमाच्या रूपात मांडले.

वाटणीचे प्रमाण ओहमच्या नियमाने ठरते. एखाद्या भागावरचा दाब म्हणजे त्यातून जाणारा प्रवाह गुणिले त्याचा रोध. एकसर जोडणीत प्रवाह सगळीकडे एकच असल्यामुळे ज्याचा रोध मोठा, त्याचा दाबातला वाटा मोठा. एकूण रोध म्हणजे सगळ्या रोधांची साधी बेरीज. मालिकेत आणखी एक रोध घातला की एकूण रोध वाढतोच, मग तो कितीही लहान असो. शाळेत नववीच्या विज्ञानात हा भाग दोन-तीन रोध, एक घट आणि एक कळ अशा आकृतीने शिकवला जातो. त्या आकृतीत तार सरळ रेघेने दाखवतात आणि तिचा रोध शून्य धरतात. शेतावरच्या विजेचा मुख्य प्रश्न नेमका त्या रेघेतच असतो.

ओहम यांना स्वतःला मात्र तार बिनरोधाची मानण्याची चैन नव्हती. जर्मनीतल्या कलोन शहरात शाळेत शिकवणाऱ्या जॉर्ज सायमन ओहम यांनी १८२६ मध्ये तांबे आणि बिस्मथ यांचे जोड घेतले. एक जोड उकळत्या पाण्यात आणि दुसरा बर्फात ठेवून त्यांनी स्थिर दाब मिळवला आणि मंडलात वेगवेगळ्या लांबीच्या तांब्याच्या तारा घालून प्रवाह मोजला. मोजमापांतून त्यांना जे सूत्र मिळाले त्याच्या छेदस्थानी दोन पदांची बेरीज होती. एक पद तपासायच्या तारेच्या लांबीचे होते आणि दुसरे मंडलाच्या उरलेल्या भागाचे. म्हणजे ओहमचा नियम जन्मला तोच एकसर मंडलातून. १८२७ मध्ये त्यांनी तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. त्याची योग्य कदर व्हायला वेळ लागला आणि लंडनच्या रॉयल सोसायटीचे कॉप्ली पदक त्यांना १८४१ मध्ये मिळाले.

वायरमनच्या दुकानात हीच वाटणी रोज पाहायला मिळते. सिरीज बोर्डावर एक साधा तारेचा बल्ब आणि तपासायची वस्तू एकसर जोडलेली असते. इस्त्री किंवा मोटारीचे वेटोळे आतून शॉर्ट असेल तर त्याचा रोध जवळजवळ शून्य असतो, सगळा दाब बल्बला मिळतो आणि तो पूर्ण उजळतो. वेटोळे धड असेल तर दाब दोघांत वाटला जातो आणि बल्ब मंद पेटतो. वेटोळे तुटलेले असेल तर प्रवाहच नसतो आणि बल्ब पेटत नाही. या तिसऱ्या स्थितीत एक धोका दडलेला आहे. प्रवाह शून्य असल्याने बल्बवरचा दाबही शून्य होतो आणि पुरवठ्याचे सगळे २४० व्होल्ट तुटलेल्या जागेच्या दोन टोकांमध्ये उभे राहतात. बल्ब विझलेला दिसला म्हणून तिथे हात लावणे जिवावर बेतू शकते. वितळलेल्या फ्यूजच्या दोन टोकांमध्येही असाच पूर्ण दाब असतो.

याच बोर्डावर १०० वॅटचा आणि ४० वॅटचा असे दोन तारेचे बल्ब एकसर जोडले, तर ४० वॅटचा बल्ब जास्त उजळतो. पाहणाऱ्याला हे उलटे वाटते, पण हिशेब सरळ आहे. २४० व्होल्टवर पूर्ण तापलेल्या १०० वॅटच्या बल्बचा रोध ५७६ ओहम असतो, ४० वॅटच्या बल्बचा १४४० ओहम. रोध हेच धरले तर ४० वॅटच्या बल्बला सुमारे १७१ व्होल्ट मिळतात आणि १०० वॅटच्या बल्बला ६९. प्रत्यक्षात फरक याहून मोठा पडतो, कारण १०० वॅटच्या बल्बची तार पुरती तापतच नाही आणि थंड टंगस्टनचा रोध तापलेल्यापेक्षा कितीतरी कमी असतो. एलईडी बल्बच्या आत इलेक्ट्रॉनिक मंडल असल्यामुळे त्यांच्यावर हा प्रयोग असा साधत नाही.

आता शिवाराकडे वळू. खांबांवर दिसणारी तार ॲल्युमिनियमची असते आणि ताण सोसण्यासाठी तिच्या गाभ्यात पोलाद असते. कमी दाबाच्या लाइनवर पुष्कळ ठिकाणी वापरल्या जाणाऱ्या ‘वीझल’ नावाच्या तारेचा रोध किलोमीटरला सुमारे ०.९ ओहम आहे. तिच्याहून बारीक ‘स्क्विरल’ तारेचा सुमारे १.४ ओहम, जाड ‘रॅबिट’ तारेचा सुमारे ०.५५ ओहम. हे आकडे इतके लहान आहेत की यांनी काय बिघडणार, असे वाटावे. पण दाबातली घट म्हणजे रोध गुणिले प्रवाह, आणि प्रवाह लहान नसतो.

पाच अश्वशक्तीची तीन फेजची मोटार ४१५ व्होल्टवर दर फेजला सुमारे साडेसात अँपिअर प्रवाह घेते. समजा, एका डीपीपासून वीझल तारेची एक किलोमीटर लाइन गेली आहे आणि तिच्या अगदी टोकाला अशा सहा मोटारी आहेत. दर फेजच्या तारेतून ४५ अँपिअर जातील. ४५ गुणिले ०.९ म्हणजे ४० व्होल्ट तारेतच खर्च होतील. डीपीवर फेज आणि न्यूट्रल यांच्यात २४० व्होल्ट असतील, तर मोटारींपाशी २०० उरतील. दोन फेजमध्ये मोजले तर ४१५ च्या जागी ३४५ च्या आसपास. १९५६ च्या भारतीय वीज नियमांनी कमी दाबाच्या पुरवठ्यात घोषित दाबाच्या ६ टक्क्यांपर्यंतच फरक मान्य केला होता. २४० चे ६ टक्के म्हणजे साडेचौदा व्होल्ट. इथली घट जवळजवळ १७ टक्के आहे. तिन्ही फेजवर भार सारखा असेल तर न्यूट्रलमधून प्रवाह परतत नाही, म्हणून या हिशेबात एकाच तारेचा रोध धरला. एक फेजच्या जोडणीत जाणारी आणि येणारी अशा दोन्ही तारा एकसर येतात आणि तेवढ्याच प्रवाहाला घट दुप्पट होते.

सगळे पंप टोकाला आहेत ही कल्पना अर्थात टोकाची आहे. खऱ्या लाइनवर ते ठिकठिकाणी असतात. तारेचे तुकडे एकमेकांशी एकसर आणि मोटारी त्या तुकड्यांच्या सांध्यांवर समांतर, अशी मिश्र जोडणी तयार होते. हेच सहा पंप एका किलोमीटरवर सारख्या अंतराने आहेत असे धरले, तर तारेचे सहा तुकडे पडतात आणि प्रत्येकाचा रोध ०.१५ ओहम होतो. डीपीजवळच्या पहिल्या तुकड्यातून सहाही मोटारींचा ४५ अँपिअर प्रवाह जातो, दुसऱ्यातून पाच मोटारींचा, असे करत शेवटच्या तुकड्यातून एकट्या शेवटच्या मोटारीचा साडेसात अँपिअर. तुकड्यातुकड्याची घट मिळवली तर टोकाशी एकूण सुमारे २४ व्होल्ट कमी पडतात आणि शेवटच्या मोटारीला २१६ मिळतात. तिसऱ्या पंपापाशीच दाब २२३ वर आलेला असतो, म्हणजे ६ टक्क्यांची मर्यादा तिथेच ओलांडलेली असते.

या हिशेबातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट मात्र वेगळीच आहे. चोवीस व्होल्टांच्या घटीपैकी निम्म्याहून जास्त, म्हणजे सुमारे साडेबारा व्होल्ट, पहिल्या दोन तुकड्यांतच जातात. त्रास टोकाच्या शेतकऱ्याला होतो, पण घट होते डीपीच्या जवळ, कारण सगळ्यांचा प्रवाह तिथूनच जातो. टोकाकडच्या दोन खांबांमधली तार बदलून या तक्रारीचे फारसे निवारण होत नाही. जाड तार घालायचीच असेल तर ती डीपीकडून घालत यावी लागते. आणि डीपीजवळ कोणी नवी मोटार लावली, तर त्याचा फटका तिच्या मालकाला नगण्य आणि टोकाच्या शेतकऱ्याला पहिल्या तुकड्यातल्या वाढलेल्या घटीच्या रूपाने बसतो. एकाच डीपीवरचे शेतकरी एकमेकांशी अशा रीतीने बांधलेले असतात. हे गावात उघडपणे समजावून सांगितले गेले, तर कितीतरी भांडणे तक्रार-अर्जाच्या योग्य जागी पोहोचतील.

पाठ्यपुस्तकातला रोध दाब कमी झाला की प्रवाहही कमी घेतो. मोटार तशी वागत नाही. पाणी उपसण्याचे काम ठरलेले असते. ते करण्यासाठी लागणारी शक्ती म्हणजे दाब आणि प्रवाह यांचा गुणाकार, म्हणून दाब उतरला की मोटार जास्त प्रवाह ओढते. जास्त प्रवाहामुळे तारेतली घट वाढते, घट वाढल्यामुळे मोटारीचा दाब आणखी उतरतो आणि ती आणखी प्रवाह ओढते. हे चक्र कुठेतरी स्थिरावते, पण ज्या बिंदूवर स्थिरावते तिथे वेटोळ्यातून ठरल्यापेक्षा जास्त प्रवाह वाहत असतो. वेटोळ्यातली उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह १५ टक्क्यांनी वाढला तर उष्णता सुमारे ३२ टक्क्यांनी वाढते. तांब्याच्या तारेवरचे वार्निशचे आवरण ही उष्णता फार दिवस सोसू शकत नाही. त्याच वेळी मोटारीचा पीळ, म्हणजे पंप फिरवण्याची ताकद, दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. दाब १७ टक्क्यांनी उतरला तर पीळ जवळजवळ ३१ टक्क्यांनी कमी होतो. मोटार गरम होते आणि पाणीही नीट देत नाही, ही दुहेरी तक्रार इथून येते.

सुरुवातीचा क्षण सर्वांत कठीण असतो. थेट सुरू होणारी मोटार पहिल्या काही सेकंदांत नेहमीच्या सहापटीच्या आसपास प्रवाह घेते. गेलेली वीज परत येते तेव्हा ऑटोस्विच लावलेल्या सगळ्या मोटारी एकाच क्षणी सुरू होतात. वरच्या उदाहरणातल्या सहा मोटारी अशा एकदम उठल्या, तर ढोबळ हिशेबाने टोकाच्या मोटारीला दीडशे व्होल्टच्या आसपासच दाब मिळतो आणि तिचा पीळ चाळीस टक्क्यांवर येतो. ती उठू शकत नाही, जागच्या जागी गुणगुणत सुरुवातीचाच मोठा प्रवाह घेत राहते आणि बाकीच्यांनाही खाली ओढते. ऑटोस्विच काढा आणि कपॅसिटर लावा, हे महावितरणचे शेतकऱ्यांना वारंवार केलेले आवाहन याच कारणाने आहे. रात्री-अपरात्री वीज आल्यावर शिवारात जावे लागू नये म्हणून शेतकरी ऑटोस्विच लावतो, हे खरेच आहे, आणि दिवसा वेळेवर वीज मिळाली तर ती गरज बरीचशी संपते, हेही तितकेच खरे. कपॅसिटरचे काम वेगळे आहे. मोटारीला चुंबकीय क्षेत्र उभे करण्यासाठी लागणारा प्रवाह एरवी डीपीपासून ये-जा करत असतो. कपॅसिटर तो जागेवरच पुरवतो. एकूण प्रवाहातला प्रत्यक्ष काम करणारा हिस्सा, म्हणजे शक्तिगुणक, ०.८ वरून ०.९५ वर गेला तर तारेतला प्रवाह सुमारे १६ टक्क्यांनी घटतो आणि त्याबरोबर दाबाची घटही.

धानपट्ट्यात या सगळ्यावर ऋतूची भर पडते. खरिपात वीज लागते ती पावसाने दडी मारल्यावर, पऱ्हे वाचवायला किंवा रोवणीला. उन्हाळी धान मात्र पूर्णपणे दिलेल्या पाण्यावर वाढते, बांधीत पाणी उभे ठेवावे लागते आणि सगळ्यांची गरज एकाच वेळी येते. त्यात ॲल्युमिनियमचा रोध दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.४ टक्क्याने वाढतो. विदर्भाच्या मे महिन्यातल्या उन्हात भरपूर प्रवाह वाहून नेणारी तार ७० अंशांपर्यंत तापली, तर २० अंशांच्या मानाने तिचा रोध वीस टक्क्यांनी वाढलेला असतो. पाण्याची पातळी खाली गेल्यामुळे पंपावरचे काम वाढलेले असते, ते वेगळेच.

तारेशिवाय वाटेतले जोडही मालिकेतच असतात. ढिला पडलेला जंपर, नुसता पीळ देऊन केलेला सर्व्हिस वायरचा जोड, काजळलेले फ्यूजचे ग्रिप, स्टार्टरमधले झिजलेले संपर्क, तांबे आणि ॲल्युमिनियम एकत्र आल्याने धरलेली ऑक्साइडची पुटे. एका खराब जोडाचा रोध अर्धा ओहम धरला आणि त्यातून १५ अँपिअर गेले, तर साडेसात व्होल्ट तिथे जातात. तेवढ्याने मोटार अडत नाही. पण त्या बोटभर जागेत ११० वॅटहून जास्त उष्णता सतत तयार होते. तापल्याने जोडावर आणखी ऑक्साइड धरते, त्याचा रोध आणखी वाढतो आणि एक दिवस तो जळून तुटतो.

दाब तपासण्याची एक चुकीची पद्धत गावोगाव दिसते. मोटार बंद असताना स्टार्टरवर मीटर लावतात, २४० व्होल्ट दिसतात आणि लाइन ठीक आहे असा निष्कर्ष निघतो. प्रवाह नसेल तर कितीही मोठ्या रोधावर दाबाची घट शून्यच असते. लाइनवर दुसरीही मोटार चालू नसेल, तर बंद मोटारीच्या स्टार्टरवर दिसतो तो डीपीचा दाब. लाइनची खरी स्थिती कळायची तर शेजारच्या मोटारींसह सगळा भार चालू असताना स्टार्टरवरचा दाब आणि त्याच वेळी डीपीवरचा दाब घ्यावा लागतो. दोन आकड्यांमधला फरक म्हणजे मधल्या तारेने आणि जोडांनी घेतलेला वाटा. डीपीवरच दाब कमी असेल तर दोष लाइनचा नसून डीपीवरच्या जास्त भाराचा किंवा त्याच्या मागच्या ११ केव्ही लाइनचा असतो. ही मोजणी चालू लाइनवर होते, म्हणून ती लाइनमनकडूनच करून घ्यावी.

उपाय शोधताना सूत्र काय सांगते ते पाहावे. घट कमी करायची तर रोध कमी करा किंवा प्रवाह कमी करा. जाड तार घालणे हा पहिला मार्ग. वीझलऐवजी रॅबिट घातली तर वरच्या उदाहरणातली २४ व्होल्टांची घट १४ वर येते. डीपीची जागा बदलणे हा दुसरा मार्ग आणि पुष्कळदा तो जास्त परिणामकारक असतो. तोच डीपी लाइनच्या एका टोकाऐवजी मध्यावर आणला, तर कोणत्याही एका बाजूच्या तारेतून जास्तीत जास्त तीन मोटारींचा प्रवाह जातो आणि लांबीही निम्मी होते. टोकाची घट २४ वरून सात व्होल्टांच्या आत येते. तार तीच, मोटारी त्याच, खांबही बहुतेक तेच.

तिसरा मार्ग प्रवाह कमी करण्याचा आहे आणि त्यासाठी दाब वाढवावा लागतो. तीच शक्ती ४१५ व्होल्टऐवजी ११ हजार व्होल्टने नेली, तर प्रवाह ४५ अँपिअरवरून १.७ अँपिअरवर येतो. एक किलोमीटर वीझल तारेत मग दीड व्होल्ट खर्च होतो, तोही दर फेजच्या ६,३५० व्होल्टांतून. टक्केवारीत घट जवळजवळ सातशेपटीने कमी झाली, कारण दाब साडेसव्वीसपट वाढला आणि टक्केवारीतली घट त्याच्या वर्गाच्या प्रमाणात उतरते. राज्यात २०१८ मध्ये कृषिपंपांसाठी उच्चदाब वितरण प्रणाली आणली गेली ती याच गणितावर. ११ केव्हीची लाइन शेतापर्यंत नेऊन एक-दोन पंपांना एक छोटा डीपी द्यायचा, म्हणजे कमी दाबाची तार काही मीटरच उरते. डीपींची संख्या वाढल्याने खर्च वाढतो, पण जळणाऱ्या मोटारींचा आणि वाया जाणाऱ्या पाळ्यांचा खर्च शेतकऱ्याच्या खिशातून जातो आणि तो कुठल्याच ताळेबंदात दिसत नाही. दोन्ही बाजू मांडून पाहिल्या तर ही योजना महाग म्हणता येत नाही.

हेच गणित मोठ्या प्रमाणावर पाहायचे तर जिल्ह्याबाहेर जायला नको. तिरोड्याचे औष्णिक वीज केंद्र ६६० मेगावॅटच्या पाच संचांचे, एकूण ३,३०० मेगावॅट क्षमतेचे आहे. तिथून निघणाऱ्या ७६५ केव्हीच्या वाहिन्या कोराडी, अकोला असे करत मराठवाड्याच्या दिशेने जातात. ३,३०० मेगावॅट शक्ती ७६५ केव्हीने न्यायची तर सुमारे अडीच हजार अँपिअर पुरतात. हीच शक्ती ४१५ व्होल्टने नेऊ म्हटले तर ४५ लाखांहून जास्त अँपिअर लागतील आणि तेवढा प्रवाह वाहून नेणारी तार पृथ्वीवर कुठे बनत नाही. म्हणून एकाच तालुक्यात शेकडो किलोमीटर सहज जाणारी वीज दिसते आणि शेवटच्या एका किलोमीटरवर थकणारी वीजही दिसते. जिल्ह्यात किती वीज तयार होते याचा आणि टोकाच्या मोटारीला किती दाब मिळतो याचा थेट संबंध नाही. शेवटचा किलोमीटर कमी दाबाने आणि जास्त प्रवाहाने जातो, म्हणून अडचण तिथे येते.

एकसर जोडणी नको असताना तयार झाली तर काय होते, याचा अनुभव गावातल्या घरांना न्यूट्रल तुटल्यावर येतो. दोन घरे दोन वेगळ्या फेजवर असतात आणि दोघांचा न्यूट्रल एकच असतो. तो डीपीकडे तुटला की दोन्ही घरे एकमेकांशी एकसर होतात आणि त्यांच्यावर मिळून ४१५ व्होल्ट येतात. एका घरात पाणी तापवायचा १,००० वॅटचा हीटर चालू आहे, त्याचा रोध सुमारे ५८ ओहम. दुसऱ्या घरात १०० वॅटचा भार आहे, त्याचा ५७६ ओहम. वाटणी रोधाच्या प्रमाणात होते. हीटरला जेमतेम ३८ व्होल्ट मिळतात आणि दुसऱ्या घरातल्या टीव्ही-पंख्यावर ३७७ व्होल्ट पडतात. ज्याने विजेचा वापर कमी ठेवला, त्याचीच उपकरणे जळतात. दिवे अचानक लखलखीत झाले आणि शेजारी मंद झाले, तर मेन स्विच ताबडतोब बंद करून लाइनमनला कळवणे हाच मार्ग आहे.

गेल्या काही वर्षांत शिवारात एकसर जोडणीचे एक नवे रूप आले आहे. २०१९ ची केंद्राची कुसुम योजना आणि २०२४ ची राज्याची ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजना यांतून ३, ५ आणि साडेसात अश्वशक्तीचे सौरपंप बसत आहेत. सौर पॅनेलमधल्या एका घटाचा दाब अर्ध्या व्होल्टच्या आसपास असतो. असे ७२ घट एकसर जोडले की चाळीसच्या आतबाहेर व्होल्ट मिळतात, आणि अशी आठ-दहा पॅनेल पुन्हा एकसर जोडली की तीनशे-चारशे व्होल्टांचा एकदिश दाब तयार होतो. इथे दाबांची बेरीज शेतकऱ्याच्या फायद्याची आहे. प्रवाह आठ-दहा अँपिअरच राहतो आणि पॅनेलपासून पंपापर्यंतच्या केबलमध्ये घट किरकोळ होते.

पण प्रवाह सगळीकडे सारखा, हा नियम इथेही लागू आहे आणि इथे तो अडचण करतो. एका पॅनेलवर मोहाच्या झाडाची सावली पडली तर त्याचे घट पुरेसा प्रवाह देऊ शकत नाहीत आणि ते मालिकेत असल्यामुळे उन्हातल्या बाकी पॅनेलचा प्रवाहही त्यांच्यापाशी अडतो. शिवाय उरलेल्या घटांचा दाब त्या सावलीतल्या घटांवर उलटा पडून ते तापतात. म्हणून प्रत्येक पॅनेलच्या मागच्या डब्यात सहसा तीन बायपास डायोड असतात. पॅनेलचा सावलीतला तिसरा हिस्सा टाळून प्रवाह डायोडमधून पुढे जातो. त्या हिश्श्याचे बारा-तेरा व्होल्ट कमी होतात, पण उरलेली मालिका चालू राहते. पॅनेलचा मांडव झाडापासून आणि विहिरीवरच्या शेडपासून दूर, सकाळ-संध्याकाळच्या लांब सावल्यांचाही विचार करून उभारावा लागतो. कापणी-मळणीच्या दिवसांत उडणारा धानाचा भुसा आणि पक्ष्यांची विष्ठा काचेवर साचू न देणे हा त्याच देखभालीचा भाग आहे, आणि काच धुवायची ती ऊन चढण्याआधी, पॅनेल थंड असताना.